निम्मं पाणी

३ फेब्रुवारी

भाऊजींस,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकला असाल. फोन केला असता, पण फोनवर आपलं भांडण होईल, भांडणात शेवटचा शब्द माझा असतो, आणि मग तुमचं उत्तर राहूनच जाईल. मला उत्तर हवं आहे, म्हणून कागद खर्च करते आहे.

तुमचे दादा बॉयलरच्या परीक्षेत नापास झाले.

लेखी पेपरात नव्हे. लेखीत काठावर का होईना, पण पास आहेत. पडले ते प्रत्यक्ष बॉयलरसमोर, जिथे त्यांनी बावीस वर्षं काढली, आणि तेही चार मिनिटांत. काय झालं ते मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं, तेव्हा कुठे मला उमगलं. तुम्हाला त्यातलं सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. मला कितपत कळतं ते तुम्हालाही कळू दे, म्हणजे उत्तरात मला गुंडाळता येणार नाही.

बॉयलरच्या अंगावर काचेची उभी नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. शिफ्ट संपवून जाणारा माणूस येणाऱ्याला सांगतो, "पाणी निम्मं आहे, सांभाळ." येणारा काचेकडे नजर टाकतो, "बरं, ये" म्हणतो, की झालं. आपल्या कारखान्यात वर्षानुवर्षं हे असंच चालत आलंय. पुस्तकात मात्र लिहिलंय, की येणाऱ्याने आधी खालचा कॉक, म्हणजे तोटी, उघडून काच रिकामी करायची, मग तो बंद करून पाणी पुन्हा चढतं का ते बघायचं. चढलं तर काच खरं दाखवते. पण हे कोणी करत नाही, कारण जाणारा माणूस अजून समोर शर्टाची बटणं लावत उभा असतो. त्याच्यादेखत काच रिकामी करायची म्हणजे तू खोटारडा आहेस असं तोंडावर सांगायचं.

परीक्षक म्हणजे एक ठेंगणा वयस्क गृहस्थ, खिशाला तीन पेनं. त्याने खांद्यावर पंचा टाकला, म्हणाला, "समजा, मी शिफ्ट संपवून घरी चाललोय. पाणी निम्मं आहे, सांभाळा." ह्यांनी काचेकडे पाहिलं. निम्मं होतं. "बरं साहेब, या," म्हणाले. परीक्षकाने पंचा खाली ठेवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. त्याने बॉयलरकडून काचेत येणारी वाटच आधी बंद करून ठेवली होती. काचेत दिसत होतं ते अडकून राहिलेलं पाणी. खरं सांगणारी दुसरी काच फडक्याने झाकलेली होती.

आता मला सांगा. चार वर्षांपूर्वी तुम्ही आणि दादा एकाच बॉयलरवर असताना काय झालं होतं? दादांनी तुम्हाला "निम्मं" म्हटलं, आणि तुम्ही सख्ख्या भावासमोर काच रिकामी केलीत. पाणी परत आलं नाही. तुम्ही आग विझवलीत, भोंगा वाजवलात, वर नोंदवहीत लिहिलंत. दादांच्या हाताखालची माणसं दादांच्या डोक्यावर जाऊन बसली. काचेच्या वाटेत गाळ अडकला होता म्हणालात. मी तेव्हाही विचारलं होतं, आजही विचारते: गाळ होता की वाट कोणी मुद्दाम बंद केली होती, हे बघायला तिथे तुमच्याखेरीज कोण होतं?

बॉयलरवर विचारण्यासारखे शंभर प्रश्न असतील. परीक्षकाने नेमका हाच का काढावा? तुम्ही हीच परीक्षा दोन वर्षांपूर्वी पास झालात असं कानावर आलं. परीक्षक तोच. तुमची त्याची ओळख आहे का? दादांचं नाव त्याच्यापुढे कधी निघालं होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.

परीक्षेआधी तुमच्याकडून काही पत्रबित्र आलेलं नाही, म्हणून विचारावं लागतंय.

सोबत तिकीट लावलेलं पाकीट आहे. उत्तर द्यायचं नसेल तर तसंच परत पाठवा. तिकीट वाया जायला नको.

वहिनी


२१ फेब्रुवारी

भाऊजींस,

तुमचं पत्र मिळालं. दोनच ओळी आहेत, त्यामुळे त्या पुन्हा पुन्हा वाचायला वेळ लागला नाही. "वहिनी, परीक्षकाशी माझी ओळख नाही. जानेवारीत दादासाठी एक पाकीट पाठवलं होतं, ते पोचलं का?"

मी तुम्हाला एक प्रश्न विचारला, तुम्ही मला उलटा दुसरा विचारलात. ही जुनी खोड. लहानपणी दूध सांडलंत की "वहिनी, मांजर कुठंय?" असं विचारायचात.

पाकिटाचं म्हणाल तर टपालाचा काय भरवसा. शेजारच्यांचं वीजबिल आमच्याकडे येतं आणि आमचं कुठे जातं ते कळत नाही. मी पोस्टमनला विचारीन.

इकडची हकीकत चांगली नाही. कारखान्यात कोणीतरी बातमी फोडली. आता हे फाटकातून आत गेले की "काय निम्मे, पाणी किती?" असं विचारतात. पोरंसोरं विचारतात. ह्यांनी पहिल्या दिवशी हसून घेतलं, दुसऱ्या दिवशी हसले नाहीत, तिसऱ्या दिवशी डबा तसाच परत आणला. साहेबाने बोलावून स्पष्ट सांगितलं: दाखल्याशिवाय बॉयलरपुढे उभं राहायचं नाही असा आता नियम झालाय. एप्रिलमध्ये एकदाच पुन्हा बसता येईल. पडलात तर गोदामात, पोती लावायला. ह्यांची पाठ तुम्हाला माहीत आहे. पण पाठीचंही जाऊ दे. बॉयलरपासून लांब ठेवलं तर हा माणूस दिवसभर हात कुठे ठेवेल?

आणि आता दुसरंच सुरू झालंय. कोणाला सांगू नका.

हे दुपारी चारला सुटतात. चालत घर पंधरा मिनिटं. गेले बारा दिवस सहाच्या आत घरी आलेले नाहीत. मी हिशोबाच्या वहीच्या मागल्या पानावर वेळा मांडून ठेवल्या आहेत: सहा वाजून पाच, सहा वाजून वीस, एकदा पावणेसात. विचारलं तर म्हणतात, "अभ्यास." पुस्तक घरी, चष्मा घरी, आणि अभ्यास बाहेर.

त्यात शर्टाला वास येतो. आपण वापरतो त्या साबणाचा नव्हे. सतरा वर्षं मी या घरात एकच साबण आणते, उरलेल्या चिपा नव्या वडीला चिकटवते. तो वास मला झोपेत ओळखता येईल. हा वास फुलाफुलांचा आहे, महागाचा. ज्या माणसाचा शर्ट मी सकाळी धुवून देते, त्याच्या शर्टाला संध्याकाळी दुसऱ्याच साबणाचा वास कसा?

देवासमोर रोज बसते. मन एकाग्र होत नाही. दिव्याखालच्या ताटलीकडेच लक्ष जातं. ते का, ते तुम्हाला सांगण्याचं कारण नाही.

तुम्हाला यातलं काही ठाऊक असेल तर कळवा. भाऊ भावाला सांगतो.

वहिनी


९ मार्च

भाऊजी,

काल मी ह्यांच्या मागे गेले. लाज वाटते लिहायला, पण गेले. हातात पिशवी घेतली, म्हणजे कोणी भेटलं तर भाजीला निघाले म्हणता येईल.

चार वाजता हे फाटकातून बाहेर पडले, घराकडे वळलेच नाहीत. इस्पितळाच्या मागच्या गल्लीत एक मोठी लाँड्री आहे, चादरी आणि पडदे धुणारी. तिच्या बाजूच्या दाराने सरळ आत. असे गेले की रोजचे असावेत. मी पन्नास मोजले आणि मागोमाग गेले.

आत वाफ, ओल्या चादरींचे ढीग, आणि तोच फुलाफुलांचा वास. समोर एक बाई. वय माझ्याएवढंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात पुरुषासारखे. माझ्याकडे पाहून म्हणाली, "मिसेस ना त्यांच्या? या. कधी येताय याचीच वाट बघत होते."

"कसं ओळखलंत?"

"गिऱ्हाईक आधी काउंटरकडे बघतं. तुम्ही आधी कोपऱ्यात बघितलंत, मग माझ्याकडे."

कोपऱ्यात कोणी नव्हतं. हे मागच्या खोलीत होते, एका जुन्या बॉयलरसमोर स्टुलावर. मला पाहून उभे राहिले, शाळेत मास्तर आल्यावर उभं राहावं तसे.

"तू इथे?"

"साबण बघायला आले," मी म्हटलं.

ती बाई हसली. हसण्यात खोट नव्हती, मी नीट पाहिलं. ती त्या लाँड्रीची बॉयलरवाली आहे, दाखला भिंतीला टांगलेला, मी तारीखसुद्धा वाचली. कारखान्याच्या नव्या बॉयलरवर सगळे दिवे आणि आकडे. काचेला हात लावू देत नाहीत. म्हणून हे इथे येऊन जुन्या बॉयलरच्या काचेवर सराव करतात. मोबदल्यात ओल्या चादरींचे ढीग उचलून देतात. वास त्याचा.

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?"

बाईच बोलली. "काय सांगणार? चार वर्षं नोकरी झालेल्या पोराला येतं ते मला येत नाही, हे?" मग ह्यांच्याकडे वळून, "दाखवा त्यांना. नापास कसे झालात ते दाखवा."

ह्यांनी काचेकडे येणारी वाट बंद केली. काचेत पाणी निम्मं, आरशासारखं स्थिर. बाई म्हणाली, "आता या काचेला विचारा, आत पाणी किती."

"निम्मं," मी म्हटलं. दिसतंय ते कोणीही सांगेल.

"विचारलं कुठे? नुसतं बघितलंत," ती म्हणाली, आणि माझा हात धरून खालच्या कॉकवर ठेवला. मी तो फिरवला. फुस्स करून पाणी आणि वाफ बाहेर आली, मी मागे सरले. कॉक बंद केला. काच रिकामी ती रिकामीच. काही चढेना. नुसती एक कोरी नळी. भाऊजी, मघाशी इतक्या खात्रीने "निम्मं" म्हटलं होतं मी.

मग मी जे विचारायला गेले नव्हते तेच तोंडातून निघालं. "पण परीक्षकाने ह्यांनाच असं का फसवलं?"

"ह्यांनाच? तो सगळ्यांना फसवतो. पंधरा वर्षं झाली, तोच पंचा, तेच 'निम्मं'. मी पहिल्या वेळी याच्यातच पडले. 'बरं काका, या' म्हटलं मी त्याला. आता पास झालेला प्रत्येक जण आपल्या माणसाला आधीच सांगून ठेवतो." मग ह्यांना म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगणारं नव्हतं वाटतं?"

हे म्हणाले, "भाऊ आहे मला. पण त्याचं काही आलं नाही. मी हिला विचारलं होतं."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे बाईने पाहिलं. ह्यांनी पाहिलं नाही, ह्यांनी नुसतं सांगितलं, आज वार कुठला ते सांगावं तसं.

मी पिशवी घेतली आणि भाजीला उशीर होतो म्हणून निघाले.


९ मार्च, संध्याकाळी

भाऊजी,

वरचं पत्र पाकिटात घालायच्या आधी हे लिहिते, नाहीतर मग पाठवायचा धीर होणार नाही.

तुमचं पाकीट पोचलं होतं. जानेवारीच्या दहा तारखेला, परीक्षेच्या आधी पंधरा दिवस. पोस्टमनने माझ्या हातात दिलं. त्या बिचाऱ्याला मी मागच्या पत्रात उगाच बोल लावला.

मी ते उघडलं नाही, फाडलं नाही, जाळलं नाही. देवासमोरच्या दिव्याखाली जी ताटली असते, तिच्याखाली ठेवलं. मनाशी म्हटलं, देवाच्या स्वाधीन केलंय, म्हणजे लपवलं असं होत नाही. मनात हेच, की तुम्ही पास झालात हे मिरवायला लिहिलं असणार. नाहीतर दादांना बिचकवायला. परीक्षेच्या तोंडावर ह्यांच्या डोक्यात काही जायला नको, म्हणून ठेवलं. हे कारण खरं आहे. पण एकटंच नाही. मला ते द्यायचंच नव्हतं.

परीक्षेच्या आठ दिवस आधी ह्यांनी विचारलं, "धाकट्याचं काही आलं का?" मी भांडी घासत होते. "नाही," म्हटलं. "बरं," म्हणाले.

आज ते उघडलं. तेलाने एक कोपरा पारदर्शक झालाय, बाकी वाचता येतं.

"दादा, तो शिफ्ट बदलताना 'निम्मं' म्हणेल. त्याच्या वयाचा मान ठेवू नकोस, काच रिकामी करून बघ. त्या दिवशी मीही तुझा मान ठेवणार होतो. हात कॉकवर होता आणि तू समोर बटणं लावत होतास. ठेवला असता तर मी पंप सुरू केला असता, तापलेल्या कोरड्या बॉयलरमध्ये गार पाणी जाऊन तो फुटला असता, आणि तू दारापर्यंतही पोचला नसतास. तुला खाली बघायला लावलं याचं मला वाईट वाटतं. वहिनीला नमस्कार."

मी घरात काडीकाडीचा हिशोब ठेवते. कोणाच्या ताटातून काय उरलं तेसुद्धा मला सांगता येतं. पण त्या दिवशी या घरातली दोन माणसं वजा व्हायची होती, हे चार वर्षांत मी एकदाही मांडून पाहिलं नाही. मी मांडत बसले, की त्या दिवशी ह्यांचा अपमान कोणी केला.

आणि तुमची पेटी दारात ठेवताना मी म्हटलं होतं, ज्या ताटात जेवलात त्यालाच भोक पाडलंत. तेरा वर्षं त्या ताटात मीच वाढलं होतं, म्हणून माझ्या तोंडी ते शोभलं असं मला वाटलं होतं.

आज एवढंच.

वहिनी


२८ मार्च

भाऊजी,

तुमचं उत्तर नाही. रागावला असाल, किंवा पत्र पोचलं नसेल. आता टपालाला नावं ठेवायची सोय माझी मीच घालवली आहे.

ह्यांना सांगितलं. त्याच रात्री नाही, धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर. पाकीट ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, तेलाचा कोपरा बोटाने चाचपला.

"कधी आलं?"

"दहा जानेवारीला."

"मी विचारलं होतं."

"हो."

"तू नाही म्हणालीस."

"हो."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "मी पण काय, भांडी घासता घासता म्हणालीस, आणि मी बरं म्हटलं."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर चार दिवस बोलले नाहीत. जेवत होते, कामावर जात होते, दिव्यात तेल संपलं तर आणून ठेवत होते, पण बोलत नव्हते. मला वाटलं हे माझ्यावर नजर ठेवून आहेत. मी त्यांच्यावर नजर ठेवून होते, ते माझ्यावर नजर ठेवून आहेत का ते बघायला. या वयात दोन माणसांनी एका खोलीत असं राहायचं म्हणजे कठीणच.

पाचव्या दिवशी त्यांनीच तोंड उघडलं, आणि परीक्षेबद्दल. म्हणाले, "मला येतं सगळं. लाँड्रीत एकटा असलो की बरोबर करतो. पण ती बाई समोर उभी राहून 'निम्मं' म्हणाली की हात उठत नाही गं. समोर माणूस असतो. त्याला काय वाटेल?"

मी म्हटलं, "माझ्यावर सराव करा."

"म्हणजे?"

"मी जे जे सांगेन ते ते उघडून बघायचं. माझ्यासमोर. मला काय वाटेल याचा विचार करायचा नाही. माझा शब्द तसाही आता काय लायकीचा राहिलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "दूध तापवलंय." ते उठले, झाकण काढलं, बोट लावून पाहिलं, परत येऊन बसले. भाऊजी, सांगते, थोबाडीत मारल्यासारखं झालं. मीच सांगितलं होतं, तरी. तेव्हा कळलं, की त्या दिवशी तुम्ही काच रिकामी केलीत तेव्हा ह्यांना काय झालं असेल. आणि करताना तुम्हालाही.

आता रोज चाललंय. दार लावलं म्हटलं की जाऊन कडी ओढून बघतात. मीठ घातलंय म्हटलं की चमचा घेतात. सुरुवातीला मान खाली घालून करायचे, चोरी केल्यासारखे. आता माझ्या डोळ्यांत बघून करतात. मध्येच मी मुद्दाम खोटं सांगते, म्हणजे सावध राहतील. देवाला आधीच सांगून ठेवलंय, की महिनाभराचं खोटं या परीक्षेच्या खाती धर, माझ्या नको. परवा म्हटलं, "छत्री पिशवीत ठेवलीय." पिशवी उघडली, छत्री नव्हती. मला वाटलं हसतील. म्हणाले, "हे खोटं मुद्दामचं की नेहमीचं?" मग हसले. मीही हसले, पण जरा मागून.

संध्याकाळी मी परीक्षक होते. खांद्यावर पंचा टाकते, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते, बटणं लावल्यासारखं करते आणि म्हणते, "पाणी निम्मं आहे, सांभाळा." मग पुस्तकातले प्रश्न. पाणी परत चढलं नाही तर काय कराल? पंप सुरू कराल का? ते "हो" म्हणाले की मी पंचा खाली ठेवते. आधी आग बंद, पाणी अजिबात नाही, आणि माणसं बाहेर. हे मला आता त्यांच्यापेक्षा पाठ आहे. दहावीला विज्ञानात मला इतके मार्क असते तर कुठल्या कुठे गेले असते.

लाँड्रीवाल्या बाईचा अजून मला पुरता भरवसा नाही, हे खरं लिहिते. मंगळवारी पुन्हा जाऊन आले. हे चादरीच उचलत होते.

परीक्षा बारा एप्रिलला. तुम्हाला म्हणून कळवते. दोन ओळी दादांना लिहिल्यात तर या वेळी पाकीट ताटलीखाली जाणार नाही. माझ्या सांगण्यावर जाऊ नका, हवं तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा.

वहिनी


१३ एप्रिल

चिरंजीव भाऊजी,

मायना बदललाय हे लक्षात येईल. जुना मायना हाच होता.

काल दुपारी दीडला ह्यांनी दारात येऊन सांगितलं, "झालो." मी म्हटलं, "काय झालात?" म्हणाले, "पास." मी म्हटलं, "कागद दाखवा." त्यांनी खिशातून काढून दिला. मी खिडकीशी नेऊन उजेडात धरला, शिक्का बघितला, नाव बघितलं, मग देवासमोर ठेवला. ताटलीच्या वर. हे सगळं ते शांतपणे बघत उभे होते. वाईट वाटलं का म्हणून विचारलं. म्हणाले, "नाही, सवय झाली."

आता झालं ते सांगते. सहा वेळा विचारून घेतलंय, त्यामुळे बरोबर असावं.

तोच ठेंगणा गृहस्थ, तोच पंचा. ह्यांना पाहून म्हणाला, "तुम्ही पुन्हा?" मग पंचा खांद्यावर टाकला. "चला, मी घरी चाललो. पाणी निम्मं आहे, सांभाळा." आणि जायला वळला, तेवढ्यात ह्यांनी कॉकला हात घातला.

तो थांबला. म्हणाला, "अहो, निम्मं म्हटलं ना मी? वयाने मोठा आहे तुमच्यापेक्षा."

ह्यांच्या अंगाला घाम फुटला होता म्हणतात. पण म्हणाले, "तुमचा शब्द खरा असेल साहेब. मी काचेला विचारतोय." आणि उघडला. पाणी गेलं, काच रिकामी झाली. बंद केला. हे आग विझवायला हात पुढे करून तयार.

आणि पाणी वर चढलं. भराभर आलं आणि निम्म्यावर थांबलं. या वेळी खरंच निम्मं होतं, भाऊजी. काही बंद केलेलं नव्हतं.

ह्यांना वाटलं, संपलं. उगाच एका म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडायला गेलो आणि तो खरा निघाला. त्या गृहस्थाने तीन पेनांतलं एक काढलं. म्हणाला, "मी खोटं बोललो तेव्हा तुम्ही मानलंत. खरं बोललो तेव्हा तपासलंत. असं कसं?"

हे म्हणाले, "खरं बोललात हे आत्ता कळलं, साहेब. मघाशी नुसतं ऐकलं होतं."

त्याने सही केली.

हे सांगून झाल्यावर ह्यांनी हातपाय धुतले आणि तुमचं जुनं पाकीट मागून घेतलं. ते आता त्यांच्या शर्टाच्या खिशात असतं. धुताना काढून ठेवावं लागतं. काल संध्याकाळी तुमची जागा झाडून घेतली, खिडकीखालची. मी म्हटलं, "पत्राला उत्तर नाही त्यांचं, येतात कुठले." म्हणाले, "तू उत्तर मागितलंस. ये म्हणालीस का?"

खरंच, म्हटलं नाही. चार पत्रं पाठवली, प्रश्न विचारले, कबुल्या दिल्या, तिकिटं लावली, आणि एवढं राहून गेलं.

तर या. मी चुकले होते, आता मनात काही नाही, तुमचं ताट तसंच आहे, खिडकीखालची जागाही. पण माझ्या तोंडाने मी काहीही सांगेन. गेल्या दोन-अडीच महिन्यांत ते तुम्हाला पुरेपूर कळलं असेल. तेव्हा या पत्रावर विश्वास ठेवू नका. रविवारी दुपारी येऊन दार ढकलून बघा. आतून कडी नसेल.

तुमची वहिनी